सुजाताची बैठक

सांगलीतल्या आमच्या दवाखान्याच्या पाटीवर माझ्या नावाखाली ‘फिजिओथेरपिस्ट’ असं लिहिलेलं होतं. पहिल्या वर्षभरात तो शब्द पूर्ण वाचणारं माणूस मला भेटलं नाही. कुणी मला ‘मालिशवाल्या बाई’ म्हणायचं, कुणी ‘कसरतीच्या बाई’. साताऱ्याकडचे एक तालमीचे वस्ताद पोलिओ झालेल्या नातवाला खांद्यावर बसवून घेऊन आले होते. मी त्या पोराचा पाय हळूहळू वाकवतेय, सरळ करतेय, हे त्यांनी दहा मिनिटं मिशीवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाले, “एवढंच? ह्याला मुंबईला जाऊन शिकाय लागतं व्हय?”

लागतं, असं मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. पण नातवाला मात्र ते नेमानं आणत राहिले, आणि सहा महिन्यांनी तो पायाला कॅलिपरचा लोखंडी आधार बांधून दवाखान्याच्या व्हरांड्यात पाच पावलं चालला तेव्हा त्यांनी माझ्याऐवजी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

मुंबईत शिकून, लग्न होऊन मी सांगलीत आले ती साठ सालानंतरची पहिली वर्षं. तेव्हा माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं पोलिओचीच. आटपाडी, कडेगाव, कवठे महांकाळ, कुठून कुठून यायची. ताप येऊन गेला आणि पाय गेला, ही त्यांची सगळ्यांची एकच कहाणी. त्यांचं काम कष्टाचं असलं तरी सरळ होतं. जो स्नायू गेला तो गेला. जो थोडा उरलाय त्याला मजबूत करायचं, आणि बाकीचं कॅलिपरवर सोपवायचं.

मला घाम फोडायची ती दुसरी मुलं. जन्मताना मेंदूला हवा न मिळालेली. त्यांच्या आजाराला मराठीत तेव्हा नावही नव्हतं. मी आईबापांना सांगायची, की ह्याचे हातपाय धडधाकट आहेत, पण मेंदूकडून येणारा हुकूम उलटा येतो. वाक म्हटलं की अंग ताठ होतं, सोड म्हटलं की मूठ आवळते. मूल जितकी धडपड करेल तितकं अंग त्याच्या विरुद्ध जातं. असली मुलं माझ्याकडे फार थोडी यायची. बरीचशी घराच्या कोपऱ्यात गोधडीवर पडून असायची आणि एखाद्या थंडीत जायची.

सुजाताला तिची आई कमल घेऊन आली तो दिवस मला नीट आठवतो, कारण ती माझ्या दारातून सरळ आत येऊ शकली नाही. मुलगी चार वर्षांची, वजन दीड वर्षाच्या पोरीएवढं, पण अंग असं ताठ की कडेवर घेणं शक्यच नव्हतं. कमलनं तिला दोन्ही हातांवर आडवी धरली होती. चौकटीत पोरीचं डोकं आपटू नये म्हणून ती तिरकी होऊन, एक खांदा पुढं काढून आत शिरली.

“जल्मली तवा रडली न्हाई,” ती म्हणाली. “सुईणीनं पाठ चोळली, पाणी मारलं, थाळी वाजवली. लय येळानं एकदा कण्हली, बस.”

“कुठं कुठं दाखवलंत?”

“मिरजंत डॉक्टरला. दुसरीकडं कुठंच न्हाई. सासू म्हणती देवऋषाकडं ने, नवस बोल. पर आमी छप्पन साली दीक्षा घेतल्यापास्नं ते समदं सोडलंय बाई. नवस न्हाई, अंगारा न्हाई. जे काय हाय ते माणसाच्याच हातात हाय. म्हणून तुमच्याकडं आलो.”

हे ऐकून मला अभिमान वाटायला हवा होता. वाटली ती भीती. दुसऱ्या आया यायच्या तेव्हा त्यांच्या मनात माझ्या जोडीला एखादा देव असायचा. कमलकडे मी एकटीच होते.

तिचा नवरा यशवंत रेल्वेत गँगमन, मूळचा कवठे महांकाळच्या बाजूचा. दोघं मिरजेत स्टेशनामागच्या खोल्यांत राहायची. आठवड्यातून दोनदा कमल पोरीला हातांवर आडवी धरून एस.टी.नं सांगलीला यायची. मी सुजाताला चटईवर ठेवलं की तिची मान उजवीकडे वळायची, उजवा हात बाणासारखा बाहेर, डावा डोक्यामागे, आणि पाठ अशी वर उचलली जायची की खालून माझा हात जावा. बसवायला गेलं तर ती फळीसारखी मागं पडायची. त्यामुळे कमल तिला मांडीवर उताणी घेऊन, मान मागं टाकून, चमच्यानं पेज घशात सोडायची. निम्मी पेज पोटात जायची आणि थोडी श्वासाच्या वाटेनं. आदल्या वर्षात तिला दोनदा न्यूमोनिया होऊन गेला होता.

आमच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “तिसऱ्यांदा झाला तर ही काही वाचायची नाही. हिला बसवून खायला घालता येईल असं काहीतरी बघा. थंडीच्या आत.”

माझ्या हातांनी मी तिला बसवू शकत होते. तिच्या मागं बसायचं, कमरेत पुरतं वाकवायचं, गुडघे फाकवायचे, दोन्ही खांदे पुढं आणायचे, की मग ती ताठ पाठ हळूच हार मानायची. कमरेत वाकलं की ताण सुटतो, एवढंच त्यातलं शास्त्र. पण माझे हात दिवसभर तिच्या घरी कसे जाणार?

मी सुताराकडून खुर्ची करून घेतली. सरळ पाठ, पुढं पट्टा. सुजाता ताठ झाली आणि पट्ट्याखालून सरकून खाली आली, डोकं मागच्या फळीवर आपटलं. वेताच्या पाटीत गोधड्या कोंबून पाहिल्या. पाटी दबली आणि पोर तिच्याबरोबर आडवी झाली. घमेलं पाहिलं, ते उथळ. दिवाळी उरकली. सकाळी कृष्णेच्या काठावर धुकं दिसायला लागलं आणि सुजाताच्या छातीत घरघर.

एका दुपारी मी कमलची खोली बघायला मिरजेला गेले. मूल घरात कुठं असतं, काय बघतं, हे बघितल्याशिवाय काम पुढं जात नाही. सुजाता दारामागं पोत्यावर उताणी होती. तिच्या वाट्याला घरातला एकच भाग आला होता, पत्र्याचं छप्पर.

परतताना मी तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांच्या गल्लीतून निघाले. एका दुकानाच्या ओट्यावर भोपळ्यांची रास होती. वाळलेले, खडखडीत, काही माझ्या कवेत न मावणारे. त्यातल्या एकाचं तोंड कापलेलं होतं. मी वाकून दोन्ही हात आत घातले. खोल, गोल, पाठीकडं चढता. सुजाताला बसवताना माझे हात ज्या आकारात यायचे तोच आकार.

“बाई, काय हरवलं काय आत?” आतून आवाज आला. दुकानाचे मालक हुसेनभाई साठीचे असतील. चष्मा कपाळावर, लुंगीवर भुसा, हातात कानस.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कानस खाली ठेवून ऐकलं आणि मग मान हलवली.

“न्हाई जमायचं बाई. वाईट वाटून घेऊ नका. आमी वाद्याला चुकून पाय लागला तर कान धरतो. भोपळा आला की पयल्यांदा त्याला हात लावून मग बसतो कामाला. ह्याच्यात सूर राहतो. त्यात माणूस बसवायचं? आन् तेबी… लहान पोर, घाण करंल.”

“बरोबर आहे तुमचं,” मी म्हटलं. “पण एकदा मुलगी बघा. मग नाही म्हणा.”

दुसऱ्या दिवशी कमलला घेऊन गेले. परक्या जागी नेलं की सुजाता जास्तच आखडायची. ओट्यावर चढेपर्यंत तिची पाठ कमानीसारखी झाली होती आणि ती किंचाळत होती. गल्लीतले लोक बघायला लागले. हुसेनभाई तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडीवरून जाणाऱ्या तारेखाली सुताचा धागा असतो, तो केसाएवढा पुढंमागं सरकवत राहायचा आणि तार छेडून बघायची, आवाज भरून खुलेपर्यंत. आम्ही आलो म्हणून त्यांनी काम थांबवलं नाही. खर्जाची तार छेडली.

सुजाता गप्प झाली.

त्यांनी परत छेडली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. आठ महिने ती पाठ मी हातांनी वाचलेली होती. ती ताठ कमान खाली येत गेली, मग खांदे, मग आवळलेला अंगठा मुठीतून बाहेर आला. मी तिला स्पर्शही केला नव्हता.

“हे काय?” मी कमलला विचारलं.

कमलला कशाचंच नवल वाटलं नव्हतं. “जात्यावर असंच करती ती,” ती म्हणाली. “म्हणून तर मी गिरणीवर न्हाई जात. मांडीवर आडवी घेती आन् दळती. शेजारच्या हसत्यात, गिरणी असताना दळत बसती म्हणून. पर जातं घुमाय लागलं की ही लोण्यावानी हुती.”

“मला कधी सांगितलं नाहीत?”

“तुमी इचारलं न्हाई.”

आठ महिने. मी तिला विचारत होते, मान धरते का, पालथी होते का, हात पुढं नेते का. मुलीला काय येत नाही याचे रकाने मी भरत होते. तिला कशानं बरं वाटतं हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. आणि ही बाई, सही करताना अंगठा उठवणारी, स्वतः शोधून काढलेला इलाज रोज पहाटे मांडीवर घेऊन बसत होती.

हुसेनभाईंनी तंबोरा भिंतीला टेकवला. उठून आत गेले, हात धुऊन आले आणि कमलसमोर उकिडवे बसले.

“धरू का हिला?”

कमलनं मुलगी त्यांच्या हातांत दिली. त्यांनी बोटं पसरून तिच्या पाठीवरून, कमरेवरून, मांड्यांवरून फिरवली, अगदी हळू, जसं ते भोपळ्याची जाडी बघायचे. मोजपट्टी घेतलीच नाही. मग म्हणाले, “ही वाकडी न्हाई वो. हिचा ताण जास्त झालाय.”

मुंबईला तीन वर्षं शिकून मी आईबापांना जे सांगायला धडपडत होते, ते त्या माणसानं एका वाक्यात सांगितलं.

मी सुचवलं, एखादा तडा गेलेला, टाकाऊ भोपळा असला तर तोच द्या. त्यांना तो अपमान वाटला. “फुटका भोपळा वजन धरत न्हाई. बसवायचं तर चांगल्यात बसवायचं.” माळ्यावरून त्यांनी एक भोपळा काढला. तीन वर्षं वाळवलेला, एका गवयाच्या तंबोऱ्यासाठी बाजूला ठेवलेला. त्या गवयाला त्यांनी काय सांगितलं, मला माहीत नाही.

पुढचे पंधरा दिवस मी शक्य तेव्हा मिरजेला जाऊन बसायची. आधी त्यांनी भोपळा पाण्यात भिजत ठेवला, मऊ पडल्यावर हातानं दाबून बाजू रुंद केल्या. तोंड तिरकं कापलं, मागं उंच, पुढं उतरतं. आतून सरस लावून कापडाचे तीन थर चढवले, वर चपडा लाख, म्हणजे धुता येईल. गुडघे फाकलेले राहावेत म्हणून मधे तुणीच्या लाकडाची खुंटी, कडेनं घासून गुळगुळीत केलेली. खाली कलंडू नये म्हणून जाड सुतळीची चुंबळ. मी सांगत होते ते सगळं त्यांनी ऐकलं, आणि निम्म्या ठिकाणी माझ्यापेक्षा चांगलं केलं.

पहिल्यांदा बसवलं तेव्हा फसलं. सुजाता एका बाजूला कलली आणि ताठ व्हायला लागली. कमलनं तिला उचलायला हात पुढं केले.

“थांबा,” हुसेनभाई म्हणाले. ते जमिनीवर पोटावर झोपून बघत होते. “खुंटी पुढं हाय. दोन सूत मागं पायजे.”

“दोन सुतांनी, पाव इंचानं, काय होणार?” मी म्हटलं.

त्यांनी खुंटी काढली, भोक बुजवलं, नवं पाडलं. दुपार गेली त्यात. मग परत बसवलं.

सुजाता बसली.

मी हात सोडले. कमलनं सोडले. चार वर्षांत पहिल्यांदा त्या मुलीला कुणी धरलेलं नव्हतं आणि ती पडत नव्हती. मान थोडी डुलत होती, पण मधे होती. खांदे भोपळ्याच्या गोलाईनं पुढं आले होते आणि त्यामुळे दोन्ही हात, जे कायम दोन दिशांना फेकलेले असायचे, ते तिच्या समोर मांडीवर येऊन पडले.

तिनं खाली पाहिलं. आणि तिला ते दिसले.

ज्यांनी असली मुलं पाहिलेली नाहीत त्यांना हे सांगून कळेल का, मला शंका आहे. तान्ही मुलं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात स्वतःचे हात तोंडासमोर धरून तासन्‌तास बघतात. आपण त्याला खेळ म्हणतो. सुजाताला तो खेळ कधी मिळालाच नव्हता. चार वर्षांची मुलगी आपले दोन हात पहिल्यांदा शेजारी शेजारी बघत होती. एका हाताचं बोट हललं. तिनं ते हललेलं पाहिलं. मग दुसरा हात, कितीतरी प्रयत्नानं, वेडावाकडा होत, थरथरत सरकला आणि पहिल्या हाताला जाऊन लागला.

तिच्या तोंडून आवाज निघाला. रडण्याचा नव्हता. कमलनं पदर तोंडात धरला. हुसेनभाई खाली भुशात बसले होते, ते तसेच बसून राहिले आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घ्यायचा विसरले. मी माझ्या कामाच्या चाळीस वर्षांत मुलांना चालताना पाहिलं, पळताना पाहिलं, पण त्या ओट्यावर जे पाहिलं तसं पुन्हा कधी नाही.

भोपळ्याच्या त्याच बैठकीत कमलनं तिला पहिल्यांदा बसवून पेज दिली. हनुवटी खाली, चमचा समोरून. तिनं ओठ मिटले आणि गिळलं. ठसका नाही. ती थंडी गेली, पुढची गेली, न्यूमोनिया आला नाही.

दुपारी कमल पोरीला बैठकीसकट हुसेनभाईंच्या ओट्यावर ठेवून कामं उरकायला जायची. काही आठवड्यांनी हुसेनभाई मला म्हणाले, “बाई, हिला सूर कळतो.”

मी हसले. पोरं आवाजाला दाद देतात, त्यात विशेष नाही, असं काहीतरी म्हटलं.

“बसा. बघा.” त्यांनी तंबोऱ्याची खुंटी पिळून तार किंचित उतरवली आणि छेडली. सुजाताच्या कपाळाला आठी पडली, हात आखडले. त्यांनी तार जागेवर आणली. आठी गेली. मला वाटलं, त्यांचा चेहरा बघून करत असेल. मी तिच्यापुढं उभी राहिले, ते दिसणार नाहीत असं. त्यांनी कधी उतरवली, कधी चढवली, कधी तशीच ठेवली. मला स्वतःला फरक कळत नव्हता. सुजाताला दरवेळी कळला.

दवाखान्यात तिचा कागद होता. त्यात पहिल्याच दिवशी, दहा मिनिटांच्या तपासणीवर, मी लिहिलं होतं: ‘बुद्धी मंद’. कसल्या आधारावर? बोलत नाही, लाळ गळते, एवढ्यावर. त्या संध्याकाळी मी ते शब्द खोडले. पण तोवर असे किती कागद मी लिहून टाकले होते आणि ती मुलं पुढं कुठं गेली, हे मला आज सांगता येत नाही. ते शल्य आहे आणि राहील.

दोन वर्षांनी सुजाताला ती बैठक लहान झाली. हुसेनभाईंनी न सांगता दुसरी केली. तोवर तिनं डोळे वर करून ‘हो’ आणि मिटून ‘नाही’ म्हणायला सुरुवात केली होती. यशवंत कामावरून आला की रोज तिला पाटीवर अक्षरं दाखवायचा. त्याच्या घराण्यातला शाळेत गेलेला तो पहिला माणूस होता. ‘क कुठाय?’ म्हटलं की ती क कडे बघायची. ती चालली नाही, बोलली नाही, आणि तिला कुठल्या शाळेनं घेतलं नाही. एका हेडमास्तरांनी मला सांगितलं, की बाकीची मुलं घाबरतील. मी त्यांच्याशी भांडायला हवं होतं तितकं भांडले नाही.

मग यशवंतची बदली झाली, सोलापूरकडं. मी मिरज स्टेशनवर पोचवायला गेले. हुसेनभाईंनी येताना पुढच्या वाढीसाठी तिसरी, मोठी बैठक पोत्यात बांधून आणली होती. सामानात एक ट्रंक, एक जातं आणि दोन भोपळे. डब्यातल्या एका म्हाताऱ्यानं कमलला विचारलं, “कसलं वाद्य हाय हे, बाई?”

“वाद्य न्हाई,” कमल म्हणाली. “माजी लेक बसती ह्यात.”

“बसती? आन् मग करती काय?”

“बघती,” कमल म्हणाली.

यशवंतनं बैठक खिडकीपाशी बाकावर ठेवली आणि सुतळीनं गजाला बांधली. कमलनं सुजाताला आत बसवलं. शिटी झाली, गाडी हलली. मी हात वर करून डब्याबरोबर चार पावलं चालले. हुसेनभाईंनी नुसती टोपी सारखी केली. सुजाताचा चेहरा खिडकीत सरळ, मधोमध दिसत होता.

ती आमच्याकडे बघत नव्हती. बाहेर बघण्यासारखं फार होतं.